घारे मॅडम आणि टोपणनावांची यादी

आमच्या लोणावळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या घारे मॅडम संशोधनासाठी कोणाच्याही घरी गेल्या की आधी चहाला नाही म्हणायच्या. नवख्या माणसाला तो चक्क उद्धटपणा वाटायचा. दारात आलेल्या बाईनं चहा टाळला तर मावळातली घरधनीण दिवसभर 'आमचं काय चुकलं' करत बसते. मॅडम स्वतः परंदवडीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. हे त्यांना कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण त्यांचा हिशेब वेगळा होता.

"एकदा चहा घेतला की मी पाहुणी झाले," त्या म्हणायच्या. "पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणतं आपल्याकडे? मग मी संमतीपत्र पुढे करणार आणि ती मुकाट्यानं सही करणार. ती सही मला नको."

म्हणून सगळं ओट्यावर, उभ्याउभ्या. पाणी चालायचं. पाण्याला त्यांच्या नियमात सूट होती. मग त्या कागद काढायच्या, मोठ्यानं वाचायच्या आणि सही घेण्याआधी आणखी एक प्रकार करायच्या. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. समोर मळवलीची एक आजी होती, आणि मॅडम तिला म्हणत होत्या, "आजी, आधी एकदा न्हाई म्हनून दावा."

"कशाला न्हाई म्हनू? तुमी अजून मागितलंय काय?"

"मागनार हाय. पन त्याच्या आधी न्हाई म्हनता येतंय का ते बघू."

आजी लाजली, पदर तोंडाला लावला आणि नव्या नवरीसारखं हळूच म्हणाली, "न्हाई." मॅडम म्हणाल्या, "आता मी विचारते. मनात आलं तर हेच म्हना." अशी ही नकाराची रंगीत तालीम. एकदा एका बाईनं तालमीतच "न्हाई" म्हटलं आणि दार लावून घेतलं. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. मॅडम आठवडाभर ती हकीकत स्टाफरूममध्ये सांगत होत्या.

मी संख्याशास्त्राचा माणूस. मला रकाने आवडतात आणि माणसांशी बोलायचा कंटाळा आहे. त्यांच्या अभ्यासाचं कोष्टक लावून देणं हे माझं काम, आणि माझ्याकडे जुनी का होईना गाडी होती म्हणून सारथ्यही माझ्याकडेच आलं. मी म्हटलं, "मॅडम, तुमचा नमुना एकानं कमी झाला." त्या म्हणाल्या, "सर, बाकीच्यांचा होकार खरा आहे हे आज कळलं की." त्यांच्याशी वाद घालून माझ्या हाती कधी काही लागलं नाही.

दिसायला बाई साधी. फिकट रंगाच्या सुती साड्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि पदराच्या पिनेला अडकवलेली एक किल्ली. ती त्यांच्या विभागातल्या हिरव्या लोखंडी कपाटाची. मुलाखती, उत्तरपत्रिका आणि कोण कोणत्या नावानं लिहिलंय त्याची यादी, सगळं त्या कपाटात. एकदा हॉस्टेलच्या मुलींच्या ताणावर त्यांनी एक छोटी पाहणी केली. एका मुलीनं वॉर्डनबाईंविषयी बरंच काही लिहिलं होतं. ते कोणी लिहिलं हे विचारायला संस्थेतले एक वजनदार गृहस्थ येऊन दोन तास बसले. मॅडमनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही. जाताना ते गृहस्थ मला म्हणाले, "बाई फार हट्टी आहेत हो." मी मान डोलावली. त्या बाबतीत आमचं एकमत होतं.

वर्गात त्या संशोधन पद्धती शिकवायच्या. विषय असा, की दुसऱ्या बाकावरच्या मुलालाही झोप यावी. पण पहिल्या तासाला त्या एक कागद फिरवायच्या. पोरं हजेरी समजून भराभर सह्या ठोकायची. कागद परत आला की मॅडम वरची बारीक ओळ वाचून दाखवायच्या, 'मी येत्या रविवारी कॉलेजचं मैदान झाडायला तयार आहे.' वर्गात खसखस पिकायची आणि संमती म्हणजे काय ते पुढे वर्षभर कोणाला वेगळं सांगावं लागायचं नाही. मला हा प्रकार फार आवडायचा. एका वर्षी मात्र एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आम्हाला न विचारता तुम्ही आमच्यावर प्रयोग केलात. मला हसू नाही आलं, लाज वाटली." मॅडमनी तो कागद दुमडून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." तो कागद त्यांनी त्या दिवसापासून बंद केला. इतका चांगला प्रयोग एका पोरीच्या बोलण्यावरून मोडीत काढला म्हणून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. त्या म्हणाल्या, "सर, मी शिकवत होते तेच ती शिकली. मग मी कशी नाही म्हणू?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मॅडमनी पीएचडी करायला घेतली. आमच्याकडे एक्सप्रेसवे आल्यापासून जमिनी विकल्या जातायत, हे काही नवीन नाही. फार्महाऊसं झाली, बंगले झाले, प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या. जमीन विकायची म्हटली की कागदावर बहिणींची नावं लागतात. मग भाऊ बहिणीला गाडीत घालून कचेरीत नेतो आणि ती हक्कसोडपत्रावर सही करून देते. म्हणजे वडिलांच्या जमिनीवर माझा हक्क नाही, असं लिहून देते. बहुतेकींना कोणी दमदाटी केलेली नसते. उलट त्या दिवशी साडी मिळते, हॉटेलात जेवण मिळतं. तर अशी सही केल्यावर बाईच्या मनाचं काय होतं, हा मॅडमचा विषय. मळवलीच्या बाजूच्या चार गावांतल्या चाळीस सासुरवाशिणींशी त्या बोलल्या. पहिल्याच मुलाखतीनंतर गाडीत बसता बसता म्हणाल्या, "सर, या बायकांना माझ्याआधी कोणी न्हाई म्हणायची तालीम दिली नव्हती." मी गाडी सुरू केली. माझ्या बहिणीनंही सही केलेली आहे.

मुलाखतीत खरी नावं घ्यायची नाहीत हा नियमच. मी म्हटलं, एक ते चाळीस आकडे टाका. मॅडमना ते पटेना. "बायका काय पोती आहेत का आकडे टाकायला? त्यांचं टोपणनाव त्यांनाच निवडू दे." ऐकायला बरं वाटलं. मॅडम प्रत्येकीला विचारत गेल्या, "तुमाला कुटल्या नावानं लिवू?" आणि जवळजवळ प्रत्येकीनं एकच गोष्ट केली. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, आणि जुनं नाव त्या दिवशी माहेरी राहतं. या बायकांनी ते मागून घेतलं. "माझं पयलं नाव लिवा मॅडम. लय दिवस झालं, कोनी हाकच मारली न्हाई त्या नावानं." मॅडम हरखून गेल्या. मीही कोष्टकात ती नावं आनंदानं भरली, चंद्रभागा, इठाबाई, गुणा.

चूक झाली ती इथेच. सासरच्या गावात ते नाव कोणाला ठाऊक नाही म्हणजे ते झाकलेलं, एवढाच विचार झाला. पण माहेरच्या गावात ते सोडून दुसरं नावच कोणाला ठाऊक नसतं, आणि मुलाखतीत सगळी गाऱ्हाणी माहेरचीच होती. मला हे सुचायला हवं होतं. मॅडमना नाही सुचलं याचं कारण माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्यांचं नाव कधी बदललंच नव्हतं.

त्यात मॅडमचं एक तत्त्व, लोकांकडून घेतलं ते लोकांना परत द्यायचं. प्रबंध विद्यापीठात जाईल आणि धूळ खाईल, म्हणून त्यांनी त्याची सोप्या मराठीत एक पुस्तिका केली आणि तालुक्यातल्या बचत गटांना वाटली. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्यांना एका बाईचा फोन आला. फोन झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. त्यांनी पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, पुस्तिकेवरून भावानं बहिणीला ओळखलं. भाऊबिजेला येऊ नकोस म्हणून निरोप आलाय. माझ्यामुळे एका बाईचं माहेर तुटतंय."

नाव त्यांनी सांगितलं नाही. मी पुस्तिका उघडली आणि मला ते दोन मिनिटांत सापडलं. सातव्या पानावर गुणा म्हणत होती, 'दादानं सही मागितली, मी दिली. जमीन माझी नव्हतीच असं तो म्हणतो. मग सही कशाला लागली?' चंद्रभागा गावोगाव असतील. गुणा नावाच्या बायका किती असणार?

कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे मॅडमनी स्वतःहून प्रकरण नेलं. कमिटीनं कागद तपासले. संमतीपत्र होतं, सही होती, टोपणनाव बाईनंच निवडलेलं होतं. सगळं नियमात बसत होतं, मॅडमवर कसलाच ठपका नव्हता. त्यांच्या मार्गदर्शकांचा सल्ला सरळ होता, याचा गाजावाजा करू नका, प्रबंध पुढे जाऊ द्या. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "कागद स्वच्छ आहेत. तिच्या दारात कोण जाणार ते विचारा." मग त्यांनी ठरवलं, सगळ्या पुस्तिका परत गोळा करायच्या. एकाच गावातून नव्हे, सगळ्या गावांतून, म्हणजे कोणा एकीकडे बोट जायला नको. त्याआधी त्यांनी त्या बाईला फोन करून विचारलं, की तुमचं बोलणं प्रबंधातून काढून टाकू का. ती म्हणाली, "काडू नका. खरं हाय ते. पर दादाला कळू द्यू नका."

चार दिवस आम्ही गावं पालथी घातली. शेवटचं गाव उर्स्याच्या अलीकडचं. वाटेत मी न राहवून म्हणालो, "तो भाऊ भेटला आणि त्यानं विचारलं, तर सरळ नाही म्हणून टाका. ही तुमची बहीण नव्हे म्हणावं. कोणाचं काय जातंय?"

"आज एकीसाठी नाही म्हटलं," मॅडम म्हणाल्या, "तर उद्या दुसऱ्या कोणाचा भाऊ विचारेल तेव्हा? तिथे मी गप्प बसले की ती त्याचीच बहीण ठरली. चाळीसजणी आहेत सर. मला एकीला वाचवून बाकीच्यांना उघडं पाडता येत नाही."

"मग तिचं माहेर गेलं असं समजायचं?"

बाहेर शेतात भाताची कापणी चालली होती.

तिथल्या बचत गटाच्या पुस्तिका मंगल नावाच्या बाईकडे होत्या. आम्ही तिच्या अंगणात गेलो तेव्हा तिचा नवरा दत्तू खाटेवर बसला होता आणि पुस्तिका त्याच्या हातात होती. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं, नावं झाकण्यात आपली चूक झाली म्हणून पुस्तकं परत न्यायला आलोय म्हणाल्या. दत्तूनं पुस्तिका काही पुढे केली नाही.

"मॅडम, एकच सांगा. हे आमच्या गुणाचं बोलनं हाय का न्हाई?"

"दादा, यातली कुटली बाई कोन, ते मी कोनालाच सांगत न्हाई."

"म्हंजी तिचंच हाय."

"मी व्हय म्हनले न्हाई. न्हाई बी म्हनले न्हाई."

"न्हाई असतं तर न्हाई म्हनाया काय झालं आसतं?" दत्तूचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "लहानपनापास्नं खांद्याव घिऊन फिरवली तिला. तिनं मला इचारायचं व्हतं. पुस्तकात कशाला?"

मी मॅडमकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. त्यांचे ओठ हलले असं मला वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत. मला त्या घटकेला त्यांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात मंगल चुलीपासून उठून दारात आली. हाताला पीठ होतं. नवऱ्याला म्हणाली, "त्या कशाला सांगतील? म्या सांगते. ते माझं बोलनं हाय."

"तुजं?"

"माझ्या भावांनी बी सही घेतलीच की. तुमीच नेलं व्हतं मला गाडीव, आठवतंय का? येताना म्या बोलले न्हाई, तर तुमी म्हनला डोकं दुखत आसंल." ती हाताचं पीठ झटकत होती. "मॅडम म्हनल्या खरं नाव सांगू नका. मला वन्संचं सुचलं. एवडंच."

दत्तूनं हातातली पुस्तिका मिटली. मग मॅडमकडे वळला. "खरं का मॅडम?"

त्या गावातली एकही सून आमच्या चाळीसजणींत नव्हती. गावांची यादी माझ्याकडे होती. मंगलनं मॅडमना त्या दिवसाआधी पाहिलंही नव्हतं.

"दादा," मॅडम म्हणाल्या, "मगाशी सांगितलं तेच. यातली कुटली बाई कोन, ते मी सांगत न्हाई."

दत्तूनं पुस्तिका खाटेवर ठेवली. मंगलनं आतून बाकीच्या आणून दिल्या. देताना तिनं मॅडमकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि मॅडमनी तिचे आभारही मानले नाहीत. आभार कशाचे मानणार?

परतीच्या वाटेवर मॅडमनी सोमाटण्यापर्यंत पुस्तिका मोजल्या. मग म्हणाल्या, "मी खोटं बोलले का?"

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"त्या बाईच्या आड लपले मी. माझी चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेतली, नवऱ्यासमोर. तिचं काय होईल ते मी तिला विचारलं का?" मी म्हटलं, झालं ते बरं झालं. त्यांना ते पटलं नाही, आणि मी पटवायच्या भानगडीत पडलो नाही. मघाचा राग मात्र माझा गेला होता. त्या जागी जे आलं त्याला आदर म्हणायला मला तेव्हा जड जात होतं.

प्रबंधातली सगळी नावं मॅडमनी बदलली, आणि पद्धतीच्या प्रकरणात चार पानं वाढवली. त्यात, कोणी ओळखू येणार नाही अशा बेतानं, आपली चूक काय झाली ते लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, ही पानं काढा, परीक्षक याच्यावरूनच तुम्हाला धरतील. मॅडमनी काढली नाहीत. परीक्षकांनी त्यांना त्याच्यावरूनच धरलं, प्रबंध दुरुस्तीला परत आला, वर्ष गेलं. पदवी मिळाली तेव्हा निवृत्तीला तीन महिने उरले होते. तिचा नोकरीत काडीचाही उपयोग झाला नाही. माझ्याकडच्या कोष्टकाची प्रत त्यांनी माझ्यासमोर पुसून घेतली, पुन्हा पुन्हा विचारून, की दुसरी कुठे नाही ना.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निवृत्तीच्याच वर्षी, दिवाळीच्या आठवड्यात, कामशेतच्या बाजारात. त्यानंतर त्या नाशिकला भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्याचं मला उशिरानं कळलं. त्या दिवशी त्या कोथिंबीर निवडत होत्या, मी पिशवी धरून उभा होतो. समोरून दत्तू आला. बरोबर मंगल, आणि तिच्या शेजारी हिरव्या साडीतली आणखी एक बाई. त्या बाईचं लहान पोर दत्तूच्या खांद्यावर बसलं होतं.

"राम राम मॅडम," दत्तू म्हणाला. "वळखलं का? ही माजी बहीण. सासरी सुरेखा म्हनत्यात, आमी गुणाच म्हनतो. भाऊबिजेला आलती, आता मळवलीला सोडाया चाललोय."

मॅडमनी कोथिंबीर खाली ठेवली आणि हात जोडले. "नमस्कार. बऱ्या आहात ना?"

"बरी हाय," गुणा म्हणाली. "तुमी कुटल्या मॅडम?"

"परंदवडीची."

"जवळच हाय की मग."

मंगल दुसऱ्या पाटीतली वांगी बघत होती. दत्तू गुणाला म्हणाला, "पाया पड मॅडमच्या, लय शिकलेल्या हायेत." गुणा वाकली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उचलायला त्यांना अंमळ वेळ लागला. मग ती माणसं पुढं गेली. दत्तूच्या दुसऱ्या हातात गुणाची पिशवी होती.

ती दिसेनाशी झाल्यावर मी हळूच म्हणालो, "मॅडम, हीच ना ती?"

त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"आत्ता तिच्या भावानं ओळख करून दिली ना, सर? माझी तिची तेवढीच ओळख."